मदत हवी आहे: वाड्यातली जुनी बंगई आणलीये, आता ती टांगू कुठे आणि तिच्यातून पडणाऱ्या भुश्याचं करू काय?

नमस्कार मंडळी. लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

आमचं घर अमळनेरला. पुढची बैठकीची खोली ११ बाय १५ फूट, स्लॅब १९९६ चा. सोफा पार फाटलाय, रंग उडालाय, म्हणून यंदा दिवाळीआधी खोली नीट करायची ठरवलं होतं. दुकानात जाऊन तो एल आकाराचा फोमचा सोफा बघूनही आले होते, तेवढ्यात ह्यांना कळलं की पारोळ्याला एक जुना वाडा पाडतायत आणि ठेकेदार आतलं लाकूडसामान विकतोय. म्हटलं बघून तर येऊ. बघायला गेलो आणि छोटा हत्ती भरून परत आलो.

काय काय आणलं ते सांगते. एक बंगई (पुण्या-मुंबईकडच्यांनी झोपाळा समजावं), साडेपाच फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फळ्या जोडलेली, दोन माणसांना उचलताना घाम फुटतो. पितळी कड्या चार. एक कडी चिंच-मीठ लावून घासली तर लख्ख निघाली, बाकीच्या तीन अजून काळ्याच आहेत, हात दुखला. वेताच्या बैठकीच्या दोन खुर्च्या, एकीची बैठक झोळीसारखी खाली आलीये, दुसरीची मधोमध फाटलीये. एक बुटकं काचेचं कपाट. आणि मर्फीचा एक जुना रेडिओ, तो ठेकेदाराने असाच टाकून दिला वरती. सगळं मिळून सोफ्याच्या निम्म्याहून कमी पैशात पडलं, त्यामुळे त्या दिवशी मी फार खुशीत होते.

खुशी तीन दिवस टिकली. बंगई ओट्यावर दोन-दोन विटांवर ठेवलीये, सकाळी झाडायला गेले तर खाली पिठासारखी बारीक पिवळसर पावडर. झाडली, दुसऱ्या दिवशी परत. खालून बघितलं तर एका कडेला टाचणीच्या डोक्याएवढी बारीक भोकं. सासूबाईंनी ते बघितलं आणि त्यांना विषयच मिळाला, "कोना घरनं लाकूड आपला घरमा कसाले आनं वं?" आता उधई सगळ्या घराला लागणार, दाराच्या चौकटी खाणार, असं शेजारी सांगून झालंय.

दुसरा प्रश्न टांगायचा. वाड्यात ती लाकडी तुळईला होती. आमच्या स्लॅबला पंख्याचा हूक सोडला तर काही नाही. मिस्तरी म्हणतो ताई काळजी नका करू, ड्रिल मारून चार फास्टनर ठोकतो, अर्ध्या तासाचं काम. मला त्या "अर्ध्या तासाचं काम"चीच भीती वाटते, कारण संध्याकाळी गल्लीतली पाच पोरं एकदम बसणार हे मला आत्ताच दिसतंय.

तिसरं पॉलिश. मिस्तरी म्हणतो सगळं मशीनने घासून नवीन करकरीत करून देतो. मग मी जुनं आणलं कशाला? पण आहे तसं ठेवावं तर काळपट, चिकट वाटतं हाताला. खोलीत उन्हाळाभर कूलर चालतो हेही लक्षात घ्या, इकडे मे महिन्यात ४५ अंश म्हणजे काय ते खान्देशवाल्यांना सांगायला नको.

कोणी असं काही केलं असेल तर सांगा प्लीज. फोटो उद्या टाकते, आत्ता लाईट गेलीये.

—

प्रतिसाद:

ताई, उधई नाही ती. उधई मातीच्या नळ्या करत येते, भिंतीवरून नाहीतर जमिनीतून. पिठासारखी पावडर आणि बारीक गोल भोकं म्हणजे भुंगा, कोणी घुण म्हणतं. सासूबाईंना सांगा चौकटींना धोका कमी आहे, पण अगदीच नाही असं नाही, म्हणून लाकूड आत घ्यायच्या आधीच बंदोबस्त करा.

—

प्रतिसाद:

आमचा घरचा सुतारकामाचा धंदा, यावलकडचे आम्ही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी भोकं कुठल्या भागात आहेत ते बघा. सागाच्या गाभ्याला भुंगा सहसा लागत नाही, कडेचं जे फिकट पांढरं लाकूड असतं ते तो खातो. तुम्ही "एका कडेला" म्हणताय म्हणजे बहुतेक तेच असणार. बंगई स्वच्छ पुसा, दिसतील त्या भोकांभोवती पेन्सिलने गोल करा आणि खाली काळा कागद अंथरून आठ दिवस सोडा. नवी पावडर पडली किंवा गोल न केलेलं नवं भोक दिसलं तर किडा जिवंत आहे. पण बंगई हलवताना जुन्या भोकातली जुनी पावडरसुद्धा सांडते, त्यामुळे त्या आठ दिवसांत तिला हात लावायचा नाही, पोरांना बसू द्यायचं नाही. पेचकसाचं टोक दाबून बघा, लाकूड भुसभुशीत लागलं तर तेवढी कड कापून चांगल्या सागाची पट्टी जोडायची. घाबरायचं कारण नाही, फळी जाड आहे.

औषध दुकानातून आणून वरून फवारू नका. ह्या बंगईवर पोरं उघड्या अंगाने लोळणार आहेत. पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा, तो सुईने भोकाभोकात औषध भरेल, तेही खालच्या बाजूने, ओट्यावरच. मग पंधरा दिवस हवा लागू द्या, भोकं मेणाने बुजवा आणि त्यानंतर पॉलिश. उलटं केलं तर पॉलिशखाली औषध मुरत नाही.

पॉलिशचं म्हणाल तर मशीन आणू देऊ नका, एवढं ऐका. कापसाच्या बोळ्यावर थोडं स्पिरिट घ्या आणि खालच्या बाजूला, दिसणार नाही तिथे घासा. रंग सुटून बोळा चिकट झाला तर ते जुनं चपड्याचं, म्हणजे लाखेचं पॉलिश आहे. मग घासायची गरजच नाही, साबणाच्या पाण्यात पिळून घेतलेल्या फडक्याने मळ काढायचा, लगेच कोरडं पुसायचं आणि वरून चपड्याचाच हात मारायचा. तुम्ही चिकट म्हणताय तो नुसता हातांचा आणि तेलाचा मळ असू शकतो. फक्त चपड्यावर गरम चहाचा कप ठेवला की पांढरं वर्तुळ उठतं, म्हणून बसायच्या फळीला वाटलं तर मेलामाइनचं पॉलिश मारा, कपाट आणि खुर्च्या चपड्यावरच राहू द्या.

आता टांगायचं. नुसत्या ड्रिल-फास्टनरवर बंगई नको म्हणजे नको. पंखा एका जागी लटकतो, बंगई पुढे-मागे ओढते, आणि ती ओढ रोज हजार वेळा बसते. बंगईचे हूक स्लॅब टाकतानाच आतल्या सळईला बांधून सोडतात. आता करायचं तर इंजिनिअरला दाखवून बीममध्ये, नाहीतर गच्चीपर्यंत आरपार रॉड घालून वर लोखंडी प्लेट. त्यात पावसाळ्यात गळायची शक्यता आली. मला विचाराल तर जाड पाइपचा स्टँड करून घ्या. दिसायला वाड्यासारखं दिसत नाही हे मान्य, पण रात्री झोप लागेल. आणि ११ फुटाच्या रुंदीत आडवा झोका घेऊ नका, १५ फुटाच्या बाजूने घ्या, पुढे-मागे तीन-तीन फूट मोकळं लागतं.

कूलरचा झोत लाकडावर थेट नको. एरवी कोरड्या उन्हाने लाकूड आकसतं, कूलर लागला की फुगतं, सांधे त्यानेच ढिले होतात.

—

प्रतिसाद:

झोळी झालेली वेताची बैठक फेकू नका! खुर्ची उलटी करा, गरम पाण्यात भिजवून पिळलेला टॉवेल खालच्या बाजूने तासभर ठेवा आणि रात्रभर सावलीत वाळू द्या. वेत वाळताना आवळतो. फाटलेली मात्र नव्याने विणावी लागेल.

आणि ताई, रेडिओची पिन डायरेक्ट बोर्डात खुपसू नका. इतकी वर्षं बंद असलेल्या सेटमधले कॅपॅसिटर गेलेले असतात. मेकॅनिक आधी १०० वॅटचा साधा बल्ब सिरीजमध्ये लावून तपासतो, बल्ब भक्क पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. नाही वाजला तर नुसता कपाटावर ठेवा, शोभतो.

—

मूळ धागाकर्ती:

सगळ्यांचे खूप आभार! यावलवाल्या भाऊंनी सांगितलं तसं स्पिरिट घासून बघितलं, बोळा लालसर तपकिरी आणि चिकट झाला, म्हणजे चपडाच. मिस्तरीला मशीन घेऊन येऊ नको म्हणून फोन केला, तो रुसलाय. भोकंही सगळी पांढऱ्या पट्टीतच आहेत, गाभ्यात एक नाही. मोजून एकोणीस गोल केले.

टॉवेलचा उपाय काल रात्री केला, सकाळी बैठक पूर्वीपेक्षा बरीच वर आली होती, ह्यांनी बसून बघितलं, मी ओरडले कारण अजून ओली होती.

काळा कागद नव्हता म्हणून सासूबाईंची काळी छत्री उघडून उलटी ठेवलीये बंगईखाली. त्यांनी काही न बोलता दिली हे विशेष. आज तिसरा दिवस, सकाळी दोन चिमूट पावडर होती, पण रात्री मांजर वर झोपून गेली असं दिसतंय, त्यामुळे मोजणी परत पहिल्यापासून.

आता एकच राहिलं, धुळे-जळगावकडे वेत विणणारं कोणी असेल तर मेसेज करा. आणि पाइपचा स्टँड कोणी केला असेल तर पाइप किती जाडीचा घेतला आणि तळाला किती पसरट ठेवला ते सांगा, फॅब्रिकेशनवाला सोमवारी माप घ्यायला येतोय.