गाडीचा इन्शुरन्स मोबाइलवर दाखवला तर चालतो ना? की प्रिंट ठेवायलाच लागते?

पाथर्डी_फाटा_१५
नमस्कार मंडळी. वडिलांच्या वॅगनआरचा इन्शुरन्स परवा ऑनलाइन रिन्यू केला, पैसे कट झाले, पॉलिसीची पीडीएफ व्हॉट्सॲपला आली, म्हटलं झालं काम. आज आईला डॉक्टरकडे घेऊन चाललो होतो तर सिग्नलला हवालदारांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. पीडीएफ दाखवली तर म्हणे हे नाही, ॲपमध्ये दाखवा. एमपरिवहन हे सरकारी ॲप उघडलं तर तिथे जुनीच तारीख, म्हणजे इन्शुरन्स संपलेला! त्यात पीडीएफवर सहीच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह, त्यामुळे त्यांना अजूनच शंका. आई सोबत होती म्हणून सोडलं, पण तिने घाबरून दिवसभर तोच विषय लावून धरलाय. नियम नक्की काय आहे?

गंगापूररोडकर
मोबाइलवर चालतं. २०१८ मध्ये मोटार वाहन नियमांतला १३९ वा नियम बदलला, तेव्हापासून कागदपत्रं इलेक्ट्रॉनिक स्वरूपातही दाखवता येतात. डिजिलॉकर (सरकारचं कागदपत्रं ठेवायचं ॲप) आणि एमपरिवहनमधली कागदपत्रं ओरिजिनलच्या बरोबरीने धरायची हेही केंद्राने त्याच वर्षी राज्यांना कळवलंय. पण व्हॉट्सॲपवरची फाइल किंवा फोटो म्हणजे डिजिलॉकर नव्हे, इथेच सगळ्यांची गल्लत होते. आणि इन्शुरन्स खरंच नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९६ खाली पहिल्यांदा २००० रुपये, परत सापडलात तर ४०००, तुरुंगाचीही तरतूद आहे, त्यामुळे हे हलक्यात घेऊ नका.

पॉलिसीवाले_काका
बाळा, मी वीस वर्षं हेच काम करतोय म्हणून सांगतो. पॉलिसीचा डेटा कंपनीकडून इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्युरोकडे जातो आणि तिथून ‘वाहन’ या सरकारच्या गाडी-नोंदणी सिस्टीमला, त्यामुळे एक-दोन दिवस मागेपुढे होतं. पण आठवडा झाला तरी दिसत नसेल तर आरसी आणि पॉलिसी शेजारी शेजारी ठेव आणि चॅसी नंबर एकेक अक्षर बोट ठेवून वाच. माझ्याकडे येणाऱ्या अशा तक्रारींत बहुतेक वेळा तिथेच चूक निघते. नंबर जुळला नाही की सिस्टीम पॉलिसी तुझ्या गाडीला लावतच नाही, आणि उद्या क्लेमची वेळ आली तर तीच चूक आडवी येते. ते पिवळं प्रश्नचिन्ह म्हणजे पॉलिसी खोटी असं नाही. कॉम्प्युटरवर फाइल उघडून डिजिटल सही व्हॅलिडेट केली की हिरवी टिक येते, मग प्रिंट काढ.

घोटी_टू_ठाणे
प्रिंट ठेवाच भाऊ. मी दर आठवड्याला कसारा घाट उतरतो, मध्येच रेंज जाते आणि ॲप नुसतं गोल गोल फिरत बसतं. डॅशबोर्डच्या कप्प्यात पॉलिसी आणि पीयूसी प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलेत, दहा रुपयांचा खर्च.

सातपूरची_लेक
माझी बहीण फ्रान्सला असते. तिकडे काचेवर इन्शुरन्सचं हिरवं स्टिकर लावायला लागायचं, ते १ एप्रिल २०२४ पासून बंद झालं. पोलीस नंबर प्लेटवरून थेट डेटाबेसमध्ये बघतात. आपल्याकडेही ॲपमध्ये तेच बघतात की, फक्त नोंद बरोबर पाहिजे.

पाथर्डी_फाटा_१५
काका, आत्ता आरसी काढून बघितली. चॅसी नंबरमध्ये शेवटून तिसरा आकडा ८ आहे आणि पॉलिसीत ३ पडलाय! फॉर्म मीच भरला होता. कंपनीला आरसीचा फोटो जोडून दुरुस्तीचा मेल टाकलाय, दुरुस्त पॉलिसी येईपर्यंत आईला रिक्षाने नेतो. मनापासून आभार.