फारकत, काडीमोड, घटस्फोट, पोटगी : नेमका फरक काय?

मंजिरी : नात्यातल्या मुलीसाठी एक स्थळ आलं आहे. मुलाच्या माहितीत 'फारकत झालेली आहे' असं लिहिलंय. विचारलं तर म्हणे पंचांसमोर स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलंय, नोटरीही केलीय. फारकत आणि घटस्फोट हे समानार्थी धरायचे का? शिवाय 'पोटगी एकदाच देऊन विषय मिटवला' असंही म्हणतात. असा मिटतो का?

सदानंद : शब्दापुरतं सांगतो. फारकत हे फारखतीचं रूप. फारखती म्हणजे देणंघेणं संपल्याचं लिहून देणं. सावकारी व्यवहारातही हा शब्द चालायचा, नवरा-बायकोचा संबंध त्यात असायलाच हवा असं नाही. सोडचिठ्ठीतही कागद आहेच. काडीमोडीत मात्र कागद नाही, लोकांसमोर काडी मोडली की संबंध तुटला. या सगळ्यांत न्यायाधीश कुठेच नाही, जात-पंचायत किंवा चार लोक आहेत. घटस्फोट हा शब्द आज आपण कोर्टाच्या निकालासाठी वापरतो. बोलताना सगळे एकाच अर्थाने येतात, घोळ तिथेच होतो.

शुभदा (वकील) : सदानंदरावांच्या शेवटच्या वाक्यापायी माझ्याकडे दर महिन्याला कुणीतरी येतं. दोघं हिंदू असतील तर १९५५ चा हिंदू विवाह कायदा लागू. त्यात लग्न मोडतं ते न्यायालयाच्या हुकूमनाम्याने. नोटरीचा शिक्का फक्त सही कुणी केली ते सांगतो, लग्न मोडत नाही. कलम २९(२) मध्ये एक फट ठेवलेली आहे : समाजात रूढीने काडीमोड चालत असेल तर तो हक्क शाबूत आहे. पण 'आमच्यात चालतं' एवढं तोंडी म्हणून भागत नाही. रूढी जुनी आहे, सलग पाळली जाते, हे वाद झाला की पुराव्याने सिद्ध करावं लागतं, आणि ते फार थोड्यांना जमतं.

नाही जमलं तर पहिलं लग्न टिकून आहे, म्हणजे दुसरं शून्य, कायद्याने झालंच नाही असं. वर पहिलं लग्न असताना दुसरं केल्याचा, म्हणजे द्विभार्येचा गुन्हा, सात वर्षांपर्यंत कैद. तुमच्या नात्यातली मुलगी ज्या घरात जाणार तिथे तिचं स्थान काय राहील, हा खरा प्रश्न आहे.

गणेश : मग 'आपसात घटस्फोट' म्हणतात तो?

शुभदा (वकील) : कोर्टात आम्ही त्याला सरळ 'म्युच्युअल' म्हणतो. कलम १३ ब. आपसात म्हणजे घरी बसून नव्हे, दोघांनी मिळून अर्ज करायचा. वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, अर्जानंतर सहा महिने थांबायचं आणि पुन्हा दोघांनी येऊन सांगायचं. हे सहा महिने माफ होऊ शकतात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटलंय, पण आपोआप नाही, अर्ज करावा लागतो.

आणखी एक शब्द लोक हमखास चुकवतात : न्यायिक विभक्तता, कलम १०. कोर्टाचा कागद हातात असतो म्हणून तो घटस्फोट समजून लोक दुसरीकडे बोलणी लावतात. त्या कागदाने एकत्र राहण्याचं बंधन सुटतं, लग्न नाही.

सदानंद : आणि पोटगी? मूळ अर्थ पोटापुरतं. आता लाखोंच्या रकमांनाही तोच शब्द!

शुभदा (वकील) : एकाच शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी चालतात. खटला चालू असताना मिळते ती अंतरिम, कलम २४. निकालाबरोबर किंवा नंतर मिळते ती कायमची, कलम २५. हिलाच लोक 'एलिमनी' म्हणतात, एकरकमी किंवा दरमहा. या दोन्ही नवऱ्यालाही मागता येतात, हे ऐकून पुष्कळांचे डोळे विस्फारतात. तिसरी ती जुनी 'एकशे पंचवीस'ची, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ ची. १ जुलै २०२४ पासून ती नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये गेली, बोलताना मात्र सगळे अजून एकशे पंचवीसच म्हणतात. ती कुठल्याही धर्माच्या पत्नीला, घटस्फोटितेलाही. तिने पुन्हा लग्न केलं की तिचा हक्क संपतो, मुलांचा नाही.

आता मंजिरीताईंचा 'मिटवला'. कोर्टाबाहेरच्या कागदावर 'यापुढे पोटगी मागणार नाही' असं लिहून घेतलं तरी न्यायालयं त्याला सहसा किंमत देत नाहीत. कोर्टाने ठरवलेली रक्कमही परिस्थिती बदलली तर कमीजास्त होऊ शकते.

गणेश : लग्नच शून्य ठरलं तर पोटगी नाहीच ना?

शुभदा (वकील) : असं नाही. शून्य ठरलेल्या लग्नातही कलम २५ ची पोटगी देता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं. देता येते म्हणजे द्यावीच असं नव्हे, दोघांची वागणूक पाहिली जाते.

मंजिरी : मग त्यांच्याकडे काय मागू?

शुभदा (वकील) : हुकूमनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल. फोटो नको, वकिलाचं पत्र नको. ती असेल तर तारीख बघा. एकतर्फी किंवा लढवलेला निकाल असेल तर अपिलाची मुदत उलटलीय का, अपील झालंय का, तेही विचारा. कलम १५ प्रमाणे तोवर दुसरं लग्न करता येत नाही. नक्कल नसेलच, तर साखरपुड्याची तारीख काढू नका.