विषय: पाडव्याच्या स्टॉलचे पैसे – चेक कुणाच्या नावे?

प्रेषक: खजिनदार
सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

पाडव्याला स्टेजवरून काय जाहीर झालं ते सगळ्यांनी ऐकलंच आहे. मिसळ आणि पन्ह्याच्या स्टॉलचा नफा नानांच्या नातीच्या जिम्नॅस्टिक्स नॅशनल्सच्या (राष्ट्रीय स्पर्धेच्या) खर्चाला द्यायचा. पण जाहीर करण्याआधी मला कुणी विचारलं नव्हतं, आणि आता सांगणं भाग आहे: मंडळाला एका मुलीच्या नावे चेक फाडता येत नाही.

आपलं मंडळ ५०१ सी ३ आहे, म्हणजे अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे करमाफी असलेली संस्था. अशा संस्थेचा पैसा एका ठरावीक कुटुंबाच्या फायद्याला लावता येत नाही. जिम्नॅस्टिक्समधलाच दाखला हवा असेल तर व्हर्जिनियातल्या कॅपिटल जिम्नॅस्टिक्स बूस्टर क्लबचा खटला वाचा. पालक वस्तू विकून पैसे जमवायचे, आणि ज्याने जितके जमवले त्याप्रमाणे त्याच्या मुलीच्या खर्चातून रक्कम वळती व्हायची. २०१३ मध्ये टॅक्स कोर्टाने निकाल दिला की या क्लबला करमाफी मिळू शकत नाही. मिसळीच्या पैशापायी आपली करमाफी मी धोक्यात घालणार नाही.

रविवारच्या आत मार्ग सुचवा. एंट्रीची मुदत जवळ आली आहे.

---

प्रेषक: नाना
मंगळवार, सकाळी ६:०५

खजिनदारसाहेब,

आम्ही पैसे मागितले नव्हते. जाहीर मंडळानेच केलं, लोकांनी त्यासाठी म्हणून दोन-दोन प्लेट घेतल्या. आता ‘नियम’ म्हणून हात वर करायचे, हे मला पटत नाही.

पोरगी काय करते ते मी रोज बघतो. शाळेतून थेट जिम, रात्री जेवायला घरी. बारवर तळहाताची कातडी सोलली की बेसिनशी उभी राहून लोंबणारा तुकडा नेलकटरने कापते, मलम लावते, वर मोजा चढवून झोपते. दुसऱ्या दिवशी पुन्हा ग्रिप्स आणि खडूची पावडर. क्लबची फी, प्रत्येक मीटची एंट्री, वर कोचच्या विमान-हॉटेलचा वाटा पालकांनीच भरायचा. मुलगा-सून दोघं नोकरी करून भरतात, पण रीजन ४ मधून, म्हणजे आपल्या भागातल्या राज्यांच्या स्पर्धेतून, ती नॅशनल्सला पोचेल असं बजेट कुणी मांडलं होतं?

मोहिनी भारद्वाज आठवतेय का कुणाला? वडील भारतीय. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकला अमेरिकेच्या संघातून रौप्यपदक. त्याआधी सरावाला पैसे नव्हते, म्हणून पिझ्झा पोचवायची, लॉटरीची तिकिटं विकायची. ते पामेला अँडरसनच्या कानावर गेलं आणि तिने वीस हजार डॉलर दिले. एका नटीला जमतं ते आख्ख्या मंडळाला का जमू नये?

---

प्रेषक: ईडन प्रेरीचे बापू
मंगळवार, दुपारी १२:२०

> लोकांनी त्यासाठी म्हणून दोन-दोन प्लेट घेतल्या

नाना, तुमच्या नातीचं कौतुक आहेच. पण क्रीडा विभागाच्या नावे मंडळाचा जो काही निधी आहे तो मल्लखांबाचा खांब आणि मॅट यासाठी ठेवलेला आहे, आणि तो मी कुणाला हलवू देणार नाही. शिवाजी पार्कला समर्थ व्यायाम मंदिरात मी दोरीच्या मल्लखांबावर मुली बघितल्या आहेत. उंचावर दोरीला आसन लावून शांत बसतात, खाली नुसती गादी. त्या संस्थेच्या उदय देशपांडे सरांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. आपल्या मुलांना इथे आठवड्यातून एकदा तरी हे मिळावं म्हणून मी गॅरेजमधलं सामान हलवून जागा केली आहे.

स्टॉलचे पैसे वेगळे, क्रीडानिधी वेगळा. एवढं स्पष्ट करून घ्या.

---

प्रेषक: मेपल ग्रोव्हचा दादा
मंगळवार, संध्याकाळी ७:१५

बापू, खांबाला कुणी हात लावत नाहीये.

मला एक विचारायचंय. सुनी ली आपल्या सेंट पॉलची. तिच्या वडिलांनी घरामागे लाकडाची बीम बनवून दिली होती, त्यावर ती खेळायची. टोकियो ऑलिंपिकला अठराव्या वर्षी ऑलराउंड (चारही प्रकार मिळून) सुवर्ण. नानांची नात दहावी संपवतेय आणि अजून लेव्हल १०, त्यावरची एलीट म्हणजे ऑलिंपिकच्या वाटेवरची पातळी नाही. मग ऑलिंपिकचं स्वप्न दाखवून पैसे गोळा करणं योग्य आहे का? हे वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. खरंच माहिती हवी आहे.

---

प्रेषक: रोचेस्टरच्या काकू
मंगळवार, रात्री ११:३०

दादा, ऑलिंपिकचं नाव नानांच्या घरातून कुणीही काढलेलं नाही. ते स्टेजवरच्या निवेदनात आलं. माझी मुलगी लेव्हल १० करून कॉलेजच्या संघात वॉक-ऑन म्हणून, म्हणजे स्कॉलरशिपशिवाय, गेली, म्हणून सविस्तर लिहिते.

एलीट हा वेगळा रस्ता आहे. तिथे आधी पात्रता फेरीत ठरलेले गुण मिळवावे लागतात. सराव आठवड्याला तीस तासांच्या वर, त्यामुळे बऱ्याच मुली शाळाही ऑनलाइन करतात. तिथले गुण दोन भागांत: कसरत किती अवघड त्याचे वेगळे, किती सफाईने केली त्याचे वेगळे. त्यामुळे अवघडपणाला अंतच नाही. दीपा कर्माकरने रिओ ऑलिंपिकला प्रोदुनोवा ही अतिशय अवघड वॉल्ट लावली ती त्याचसाठी. सपाट तळव्यांची आगरताळ्याची पोर, ऑलिंपिकला गेलेली पहिली भारतीय महिला जिम्नॅस्ट. तिला मिळाले १५.०६६ आणि कांस्यपदक गेलं १५.२१६ ला. त्या रात्री आमच्या घरात कुणी जेवलं नव्हतं. पण ती वॉल्ट चुकली तर मानेवर येते, आणि आपल्या दहावीतल्या मुलीने ती करावी असं कुणाही आईला वाटणार नाही. आणि एवढं करून पॅरिसला अमेरिकेच्या संघात जागा किती, तर पाच.

कॉलेजमध्ये अजून दहापैकीच गुण देतात. तिथे सफाई लागते. उतरताना पाय जागचे हलले नाहीत, हँडस्टँड सरळ उभा राहिला, गुडघे जुळलेले राहिले की झालं. लेव्हल १० चांगली करणाऱ्या मुली तिथे उत्तम खेळतात, आणि सीझनमध्ये संघाचा सराव आठवड्याला २० तासांवर नेता येत नाही. बाकी वेळ अभ्यास. पहिल्या श्रेणीच्या (डिव्हिजन १) एका संघाला पूर्वी बारा पूर्ण स्कॉलरशिप असायच्या. २०२५ पासून तो आकडा गेला, आणि खेळाडूंना थेट पैसे देण्याच्या नव्या व्यवस्थेत आलेल्या कॉलेजांना आता संघात वीसच मुली ठेवता येतात. म्हणजे माझ्या मुलीसारख्या वॉक-ऑनना दार अरुंद झालं. कॉर्नेल, ब्राउन, येल, पेन इथे संघ आहेत, पण आयव्ही लीग खेळासाठी स्कॉलरशिप देत नाही. डिव्हिजन ३ मध्येही नाही. तिथे घराच्या उत्पन्नावर आणि मार्कांवर मदत मिळते.

म्हणून यंदाची नॅशनल्स मोलाची. दहावीनंतरच्या १५ जूनपर्यंत कॉलेजच्या कोचना मुलीशी थेट बोलायची परवानगी नाही. २०१९ पासून हा नियम आहे, आणि तो आला ते फार बरं झालं. त्याआधी आठवी-नववीतल्या मुलींकडून तोंडी होकार घेतले जायचे. मे महिन्यात नॅशनल्सच्या स्टँडमध्ये हे कोच वही घेऊन बसलेले असतात. बीमवर पोरगी पडली तर पुन्हा वर चढताना तिचा चेहरा कसा असतो, हेसुद्धा ते लिहून घेतात. त्यानंतर महिन्याभरात फोन सुरू होतात.

आणि नाना, मोहिनी भारद्वाज आधी यूसीएलए या कॉलेजकडून खेळली, मग खेळ सोडला, आणि परत येऊन पंचविसाव्या वर्षी ऑलिंपिकला गेली. कॉलेज म्हणजे शेवट असं धरू नका.

---

प्रेषक: मेपल ग्रोव्हचा दादा
बुधवार, सकाळी ८:१०

काकू, धन्यवाद, हे माहीत नव्हतं. पण ऑलिंपिक की कॉलेज यातलं एकच निवडावं लागतं ना? सिमोन बाइल्सला कॉलेज सोडावं लागलं होतं असं आठवतं.

---

प्रेषक: रोचेस्टरच्या काकू
बुधवार, सकाळी ९:००

तेव्हा लागायचं. तिने यूसीएलएला होकार दिला होता, २०१५ मध्ये व्यावसायिक झाली आणि ते संपलं. जुलै २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना जाहिरातीचे पैसे घेता येतात. सुनी ली सुवर्ण जिंकून ऑबर्नला गेली, जॉर्डन चाइल्स यूसीएलएला, जेड कॅरी ओरेगन स्टेटला. तिघी पुन्हा पॅरिसला होत्या.

---

प्रेषक: डॉक्टर वहिनी, प्लिमथ
बुधवार, रात्री १०:०५

पैशांवर मला बोलायचं नाही. पाडव्याच्या जेवणात मी जे ऐकलं त्यावर बोलायचं आहे. चार बायका तिच्या ताटात बघून ‘श्रीखंड चालतं का गं तुला?’ आणि ‘किती बारीक झालीस’ म्हणाल्या. कृपा करून हे थांबवा. या खेळात मुली कमी खातात, पाळी लांबते, हाडं कमकुवत होतात, आणि मग कमरेच्या मणक्याला बारीक फ्रॅक्चर. मनगटातली वाढीची जागाही दुखावते. ती खाते ते खाऊ द्या. वजनावर चांगलं नाही, वाईटही नाही, काहीच बोलू नका.

दुसरं. मॅगी निकोल्स आपल्या मिनेसोटाची. २०१५ मध्ये राष्ट्रीय संघाच्या डॉक्टरने केलेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल तिने सांगितलं. तिच्या कोचने दुसऱ्या मुलीशी चाललेलं तिचं बोलणं ऐकलं आणि आईला कळवलं, तिथून तक्रार वर गेली. २०१६ च्या ऑलिंपिक संघात तिची निवड झाली नाही. ती ओक्लाहोमाला गेली, २०१८ आणि २०१९ ला कॉलेजची ऑलराउंड विजेती झाली. मला तिच्या पदकांइतकाच ती कोच महत्त्वाची वाटते जिने ऐकलं आणि गप्प बसली नाही. नाना, नॅशनल्सला बरोबर घरातलं कुणीतरी जाऊ द्या. फिजिओ असो वा कोच, मोठं माणूस आणि मुलगी बंद दाराआड एकटी नकोत. नियमही तेच सांगतो: इतरांना दिसेल आणि कुणालाही मध्ये येता येईल अशा जागीच. खर्चात ते तिकीटही धरा.

---

प्रेषक: नाना
गुरुवार, सकाळी ६:००

वहिनी, सून बरोबर जाणार आहे. मी जाणार नाही, मी असलो की ती माझ्याकडे बघत राहते.

चार जण मला स्वतंत्रपणे म्हणाले की मंडळ राहू दे, आम्ही खिशातून देतो. ते तरी चालतं का?

---

प्रेषक: रोचेस्टरच्या काकू
गुरुवार, दुपारी १:१५

नाना, थांबा. त्या चौघांत गोफर्सना, म्हणजे मिनेसोटा युनिव्हर्सिटीच्या संघांना, देणगी देणारं कुणी आहे का? कॉलेजच्या क्रीडा विभागाचा देणगीदार भावी खेळाडूला पैसे देतो म्हटलं की एनसीएएच्या (कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या) नियमात अडचण येऊ शकते, आणि मग नेमकं घराजवळचंच कॉलेज हातचं जायचं. जुनी घरची ओळख असेल तर कदाचित चालेलही, पण अंदाजावर जाऊ नका. युनिव्हर्सिटीच्या कंप्लायन्स ऑफिसला, म्हणजे नियम सांभाळणाऱ्या विभागाला, लेखी विचारा. उत्तर येईपर्यंत एक डॉलरही घेऊ नका.

---

प्रेषक: खजिनदार
शुक्रवार, रात्री ८:३०

काकूंनी लिहिलं ते मी नानांच्या सुनेला पुढे पाठवलं आहे. नाना, पामेला अँडरसनने स्वतःचे पैसे दिले, तिला आयआरएसचं (करखात्याचं) असं बंधन नव्हतं. देणगीदार नसलेल्यांनी तुम्हाला खिशातून दिलं तर तिथेही आयआरएसचं काही म्हणणं नाही, फक्त करात वजावट मागू नये. पण कंप्लायन्सचं उत्तर आधी.

स्टॉलच्या पैशांसाठी ठराव असा: राज्य पातळीच्या पुढे गेलेल्या आपल्या कुठल्याही मुलामुलीसाठी प्रवासनिधी. खेळ कुठलाही, मल्लखांबसुद्धा. अर्ज सगळ्यांना खुला, निकष आधी छापायचे, निवड समितीत अर्जदाराचा नातेवाईक नको. पैसे थेट क्लबला किंवा विमान कंपनीला, पावतीवर. नानांच्या नातीचा अर्ज आला तर इतरांसारखाच बघितला जाईल, मी शब्द देऊ शकत नाही. आणि ज्यांनी तिच्यासाठी म्हणून प्लेटी घेतल्या त्यांना हे सगळं मेलने कळवायचं, हवे त्यांना पैसे परत.

समितीत मी नसेन. काकू आणि डॉक्टर वहिनी यांनी असावं असं मला वाटतं. हो किंवा नाही रविवार दुपारपर्यंत.

---

प्रेषक: ईडन प्रेरीचे बापू
शुक्रवार, रात्री ८:५०

मल्लखांबाचा उल्लेख ठरावात लेखी राहणार असेल तर माझं हो.

---

प्रेषक: वुडबरीच्या ताई
शनिवार, सकाळी ७:४५

माझंही हो. नॅशनल्सपर्यंत सराव वाढलाय आणि सुनेची दुसरी शिफ्ट आहे असं कळलं. मंगळवार-गुरुवार तिला जिममधून घरी मी सोडेन, माझा मुलगा शेजारच्याच रिंकवर हॉकीला असतो. नाना, कंप्लायन्सला जी मेल जाईल तिच्यात हे चालतं का तेही विचारून घ्या, पण गाडीत जागा आहे. बाकीच्या दिवसांसाठी कोण?