प्रतिभेसाठी मनाचे आजारपण आवश्यक असते का?

मूळ मांडणी

प्रतिभावंत माणूस थोडाफार विक्षिप्त किंवा उदास असणारच, ही समजूत मला चुकीचीच नव्हे तर घातकही वाटते, कारण तिच्यापायी उपचार टाळले जातात. तिच्या समर्थनार्थ अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ नॅन्सी अँड्रियासन यांचा १९८७ चा अभ्यास हमखास पुढे केला जातो. त्यातील ३० लेखकांपैकी ८० टक्के लेखकांना कधी ना कधी भावावस्थेचा विकार (नैराश्यासारखा आजार) झालेला होता. तुलनेसाठी निवडलेल्या इतरांत हे प्रमाण ३० टक्के होते. पण हे लेखक मोजके आणि एकाच लेखन-कार्यशाळेतले होते. शिवाय सर्वांच्या मुलाखती एकाच व्यक्तीने घेतल्या आणि समोरचा लेखक आहे की नाही, हे तिला ठाऊक होते. व्हॅन गॉगचे उदाहरणही उलटेच बोलते. १८८९-९० मध्ये फ्रान्समधील सँ-रेमीच्या मनोरुग्णालयात त्याने विपुल चित्रे काढली, ती मुख्यतः आजाराच्या झटक्यांच्या मधल्या स्वस्थ काळात.

प्रतिसाद

असहमत. अँड्रियासन यांचा अभ्यास बाजूला ठेवला तरी स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेच्या संशोधकांनी सुमारे १२ लाख रुग्णांच्या नोंदी तपासून २०१३ मध्ये मांडलेले निष्कर्ष उरतातच. द्विध्रुवी विकार (ज्यात उन्माद, म्हणजे अनावर उत्तेजना, आणि नैराश्य यांचे टप्पे येतात) सर्जनशील व्यवसायांत अधिक आढळला, आणि लेखकांमध्ये तर स्किझोफ्रेनिया, नैराश्य व आत्महत्या यांचेही प्रमाण जास्त होते. याला निव्वळ दंतकथा म्हणणे म्हणजे लेखकांच्या वाट्याला येणारा खरा धोका नाकारणे होय.

मूळ लेखकाचे उत्तर

तोच अभ्यास पुढे काय सांगतो, तेही पाहावे. द्विध्रुवी विकार वगळता सर्जनशील व्यवसायांत एकंदर मानसिक विकार जास्त नव्हते. उलट स्किझोफ्रेनिया आणि द्विध्रुवी विकाराच्या रुग्णांचे निकटचे नातेवाईक या व्यवसायांत अधिक होते. म्हणजे काही समान गुण कुटुंबात वाहत असतील, पण ते फळतात ते बहुधा आजाराची पूर्ण झळ न लागलेल्या माणसात. लेखकांविषयीचा अपवाद मला मान्य आहे. मात्र अनिश्चित उत्पन्न आणि एकांत यांचा त्यातील वाटा केवळ नोंदींवरून वेगळा काढता येत नाही.

दुसरा प्रतिसाद

ही चर्चा औषधांपाशी येऊन थांबायला हवी होती, कारण कलावंताची खरी भीती तिथे असते. डॅनिश मानसोपचारतज्ज्ञ मोगेन्स स्कौ यांनी १९७९ मध्ये लिथियम हे द्विध्रुवी विकारावरील औषध घेणाऱ्या २४ कलावंतांची माहिती मांडली. त्यांपैकी १२ जणांनी निर्मिती वाढल्याचे, ६ जणांनी फरक न पडल्याचे आणि ६ जणांनी ती घटल्याचे सांगितले. मूळ मांडणीला पहिले १२ सोयीचे आहेत. मला शेवटचे ६ महत्त्वाचे वाटतात. शब्द आटल्याची तक्रार करणाऱ्या कवीला ‘हा तुमचा भ्रम आहे’ असे सांगून परत पाठवले, तर मात्रा बदलून पाहण्याची संधी हुकते आणि तो कुणालाही न विचारता गोळ्या बंद करण्याची शक्यता वाढते. लिथियम असे अचानक थांबवल्यास उन्माद पुन्हा उसळण्याचा धोका मोठा असतो.