रबी घोष यांना नुसतं कॉमेडियन म्हणायचं?

पडदावेडा
परवा 'गुपी गाइन बाघा बाइन' (१९६९) पहिल्यांदा बघितला आणि बाघा झालेल्या रबी घोषवरून नजरच हटेना. ते बांबूचं बन, वरून पाणी ठिबकतंय ते बरोब्बर ढोलावर टप टप पडतंय, आणि मग वाघ येतो तेव्हा गुपी-बाघा दोघं जागच्या जागी थिजतात, काय डोळे बोलतात त्या माणसाचे! पण जिथे बघावं तिथे 'बंगाली कॉमेडियन' एवढंच लिहिलेलं. यांचं अजून काय बघू? बंगाली येत नाही, सबटायटल्स लागतील.

रंगपेटी
अहो ते मूळचे नाटकवाले! जन्म कूचबिहारचा, १९३१ चा. कोलकात्यात बँकशाल कोर्टात नोकरी करायचे आणि उत्पल दत्तांच्या लिटल थिएटर ग्रुपमध्ये नाटकं. मिनर्व्हा थिएटरला कोळसा खाणीतल्या कामगारांवरचं 'अंगार' आलं १९५९ मध्ये, त्यातलं त्यांचं काम गाजलं आणि मग सिनेमे मिळत गेले. दिग्दर्शक सत्यजित रे यांच्या 'अभिजान'मध्ये (१९६२) सौमित्र चॅटर्जी टॅक्सी ड्रायव्हर आणि हे त्याच्या गाडीवरचे क्लीनर. तिथून थेट 'आगंतुक'पर्यंत (१९९१) रे त्यांना बोलवत राहिले, ते काय फक्त हशा पिकवायला नाही.

निवांत
'गल्प होलेओ सत्यी' (१९६६) आधी बघा, तपन सिन्हांचा. राजेश खन्नाचा 'बावर्ची' आपण सगळ्यांनी पाहिलाय ना, तो याच्यावरूनच केला. सतत भांडणाऱ्या एकत्र कुटुंबात एक नोकर येतो आणि हळूहळू घराचं वळणच बदलून टाकतो. 'बावर्ची' मलाही आवडतो पण तिथे सुपरस्टार आलाय हे पहिल्या मिनिटापासून कळतं, इथे ठेंगणाठुसका साधा माणूस दारात उभा राहतो आणि तो खरंच नोकर वाटतो, म्हणून पुढची जादू जास्त लागते.

रात्रपाळी
सगळे हसरे रोल सांगताय, 'जन अरण्य' (१९७६) राहिला की! कोलकात्यातला बेकार पोरगा ऑर्डर सप्लायच्या धंद्यात पडतो आणि मोठी ऑर्डर मिळवायला त्याला नटवर मित्तिर भेटतो, म्हणजे रबी घोष. हसतमुख, गोडबोल्या. समोरच्या गिऱ्हाईकाची कमजोरी काय हे शोधून काढायचं हाच त्याचा धंदा, आणि मग 'त्याला बाई पुरवावी लागेल' हे तो अगदी हवापाण्याच्या गप्पा मारल्यासारखं सांगतो. आवाज चढत नाही, खलनायकासारखं काही करत नाही, म्हणूनच अंगावर काटा येतो. पुढे काय होतं ते सांगत नाही, स्वतः बघा. माझ्या मते त्यांचं सगळ्यात भारी काम हेच, आणि कॉमेडीचं टायमिंग असल्याशिवाय ते जमलंच नसतं.

पडदावेडा
@रात्रपाळी बाघा आणि हा दलाल एकच माणूस?? मग आज रात्री 'जन अरण्य'च लावतो, 'गल्प होलेओ सत्यी' रविवारी आईबरोबर, तिला 'बावर्ची' पाठ आहे.