चौथीतल्या मुलांना ‘बाष्पीभवन’ पाठ आहे, पण फरशीवरचं पाणी ‘मुरलं’ म्हणतात. शब्द कोणत्या क्रमाने घ्यावेत?

वर्गफळा

नमस्कार. तिसरी-चौथी एकत्र बसतात असा वर्ग आहे. परिसर अभ्यासातले पाण्याचे शब्द घ्यायचे आहेत: वितळणे, विरघळणे, गोठणे, द्रावण, बाष्पीभवन, सांद्रीभवन (बाष्पाचं पुन्हा पाणी होणं), निवळणे, गाळणे. व्याख्या विचारली की घडाघडा येते. पण पुसलेली फरशी दहा मिनिटांत कोरडी झाली, ते पाणी गेलं कुठे असं विचारलं की निम्मी मुलं ‘फरशीत मुरलं’ म्हणतात, उरलेली ‘संपलं’. साखर पाण्यात ‘वितळते’ यावर सगळ्यांचं एकमत. थंड पेल्याच्या बाहेरचं पाणी म्हणे आतून पाझरतं.

शाळेतल्या सामानात, म्हणजे वाट्या, ताटं, पाटी, मीठ, साखर, तुरटी एवढ्यात, प्रत्येक शब्दामागे फसणार नाही असा एकेक प्रयोग हवा आहे. बर्फ दुकानात मिळतो. वर्गात शेगडी आणता येणार नाही.

खडीसाखर

मॅडम, क्रम पुस्तकातला ठेवू नका. आधी जे डोळ्यांना दिसतं ते: वितळणे, गोठणे, विरघळणे. मग निवळणे आणि गाळणे. बाष्पीभवन त्यानंतर, आणि सांद्रीभवन अगदी शेवटी, कारण त्या दोन्हींत पाण्याचा एक टप्पा दिसतच नाही. न दिसणाऱ्या गोष्टीचं नाव आधी सांगितलं की मूल नाव तेवढं पाठ करतं.

वितळणे आणि विरघळणे एकाच पेल्यात दाखवा. काचेच्या पेल्यात पाणी घ्या, त्यात बर्फाचा एक खडा आणि खडीसाखरेचा एक खडा टाका. ढवळू नका. बर्फ वर तरंगतो, खडीसाखर तळाशी बसते. पेला उजेडासमोर धरला तर खडीसाखरेभोवती वळवळणाऱ्या रेषा खाली उतरताना दिसतात, ती साखर पाण्यात मिसळत असते. दोन्ही खडे लहान होत जातात, म्हणूनच मुलं दोन्हीला एकच शब्द वापरतात. आता बर्फाचा दुसरा खडा कोरड्या वाटीत ठेवा आणि खडीसाखरेचा दुसऱ्या कोरड्या वाटीत. बर्फाचं पाणी होतं, साखर आहे तशीच राहते. प्रश्न इतकाच विचारायचा: ‘एकट्याने झालं का, की दुसरं कुणी लागलं?’ बर्फाला नुसती ऊब पुरते, साखरेला पाणी लागतं. पहिलं वितळणं, दुसरं विरघळणं.

कुणीतरी हुशार पोर म्हणेलच की आई कढईत साखर वितळवते. बरोबर आहे त्याचं. तिथे पाणी नाही, उष्णता आहे. त्याला गप्प करू नका, कसोटी त्याला समजली आहे. चॉकलेटचं उदाहरण मात्र टाळा. तोंडात ते वितळतंही आणि त्यातली साखर लाळेत विरघळतेही, नुसता गोंधळ होतो.

गोठण्यासाठी बर्फापेक्षा खोबरेल तेल चांगलं. ते साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली गोठतं. थंडीत सकाळी बाटली आपोआप घट्ट झालेली असते. उन्हाळा असेल तर लहान काचेच्या बाटलीत थोडं तेल घेऊन बर्फाच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवा. मग बाटली तळहातात धरायला द्या, कडेचं तेल आधी सुटतं. ‘गोठायला फ्रीज लागतो’ हा समज तिथेच मोडतो.

‘द्रावण’ हा शब्द मीठ घालताना द्या, साखर घालताना नको. १०० मिली पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळतं, म्हणजे लहान चमच्याने सपाट सहा. सातवा चमचा तळाशी पडून राहतो आणि मुलांना मर्यादा दिसते. साखर त्याच पाण्यात २०० ग्रॅमच्या आसपास मावते, डबा रिकामा होईल पण मर्यादा येणार नाही. पाकिटातल्या मिठाचं पाणी जरा दुधी दिसतं. मीठ मोकळं राहावं म्हणून घातलेला पदार्थ विरघळत नाही, म्हणून तसं होतं. पाच-दहा मिनिटं थांबलं की बरंचसं खाली बसतं.

ओली_पाटी

वरचा क्रम मान्य. बाष्पीभवनाबद्दल माझे दोन शब्द.

‘मुरलं’ म्हणणारं मूल मूर्ख नाही. मातीत सांडलेलं पाणी खरोखरच मुरतं, आणि त्याने तेच पाहिलं आहे. तेव्हा मुरण्याची वाटच बंद करायची. स्टीलच्या ताटात ५० मिली पाणी आणि अरुंद तोंडाच्या बाटलीत ५० मिली, दोन्ही वर्गात शेजारी-शेजारी. मोजायला खोकल्याच्या औषधाचं खुणा असलेलं टोपण पुरतं, १० मिलीची पाच टोपणं. दुसऱ्या दिवशी दोन्हीतलं उरलेलं पाणी त्याच टोपणाने मोजा. ताट बहुधा कोरडं असतं, बाटलीतलं जवळपास तेवढंच. स्टीलमध्ये पाणी मुरत नाही हे मुलांना ठाऊक असतं, त्यामुळे ‘मग गेलं कुठे?’ हा प्रश्न त्यांच्याकडूनच येतो. शब्द त्यानंतर द्यायचा.

फसतं ते असं: ताट उन्हात आणि बाटली सावलीत. मग पसरटपणामुळे झालं की उन्हामुळे, हे कळायला मार्ग राहत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि ताट उंचावर ठेवा, मांजर पाणी पिऊन गेलं तर उत्तर चुकीचं मिळेल.

तासाभरात संपणारा प्रयोग हवा असेल तर दोन पाट्या घ्या. एकाच ओल्या फडक्याने दोन्हींवर सारखा पट्टा ओढा. एकीला वहीने वारा घाला, दुसरी तशीच ठेवा. काही मिनिटांत फरक दिसतो. मग एक पाटी उन्हात आणि एक सावलीत. मग एकीवर जाड थेंब आणि दुसरीवर तेवढंच पाणी पसरून. ऊन, वारा, पसरटपणा ही तिन्ही कारणं मुलं स्वतः सांगतात.

आणि मुलांच्या तोंडी असलेले शब्द फळ्यावर लिहा: कपडे वाळतात, तळं आटतं, घाम सुकतो. तिन्हींखाली एकच रेघ मारून ‘बाष्पीभवन’ लिहा. फक्त विहीर त्या यादीत घेताना जपून, तिचं पाणी उपसलंही जातं आणि जमिनीत खालीही जातं.

कोकणात किंवा गोव्यात शिकवत असाल तर मिठागर याच धड्याला जोडा. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. उथळ वाफ्यांत ऊन-वाऱ्याने पाणी उडतं, मीठ मागे राहतं. वर्गात चमचाभर मीठ विरघळवून पसरट बशीत ठेवा. सावलीत सावकाश वाळलं तर चौकोनी स्फटिक मोठे येतात, कडक उन्हात बारीक भुगा. भर पावसाळ्यात हा प्रयोग करू नका, बशी दिवसेंदिवस ओलीच राहते. मिठागरंही त्या दिवसांत बंदच असतात.

दहिवर

सांद्रीभवनाचा पेला नीट केला नाही तर ‘आतून पाझरलं’ हा समज उलट पक्का होतो. तीन सारखे पेले घ्या, बाहेरून पुसून कोरडे केलेले. पहिल्यात निळी शाई घातलेलं पाणी आणि बर्फ, दुसऱ्यात निळं पाणी पण बर्फाविना, तिसरा रिकामा. तिन्हींवर बशी झाका. फक्त पहिला ओला होतो. पांढऱ्या कापडाने बाहेरचं पाणी टिपा, निळा डाग पडत नाही. पाझरलं असतं तर निळं आलं असतं आणि दुसऱ्या पेल्यालाही आलं असतं. मुलांना हा युक्तिवाद स्वतः करू द्या, तुम्ही बोलू नका.

हवामान पाहून दिवस ठरवा. जुलैत कोकणात मिनिटा-दोन मिनिटांत थेंब येतात. मे महिन्यात विदर्भात किंवा मराठवाड्यात दुपारी हवा इतकी कोरडी असते की थेंब यायला वेळ लागतो, कधी नुसता धुरकटपणा येतो. बर्फात मीठ घालून पेला आणखी गार करायचा मोह होतो, पण मग बाहेर थेंबांऐवजी पांढरा हिमाचा थर धरतो आणि नको तो नवा विषय निघतो. त्यापेक्षा पेला झाकणाच्या मोठ्या पारदर्शक डब्यात ठेवा आणि शेजारी कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं टाका. डब्यातली हवा दमट होते, पेल्याला लवकर घाम फुटतो. फडक्यातून हवेत आणि हवेतून पेल्यावर, असा पाण्याचा पूर्ण प्रवास एकाच डब्यात होतो. जलचक्राच्या चित्राआधी हे दाखवा.

एक सूचना. चौथीला ‘सांद्रीभवन’ आणि ‘संघनन’ असे दोन्ही शब्द एकदम देऊ नका. हातातल्या पुस्तकात जो असेल तो धरा. हिंदी व्हिडिओ लावणार असाल तर आधी स्वतः ऐका. तिथे द्रावणाला विलयन म्हणतात आणि द्रावकाला (ज्यात पदार्थ विरघळतो त्याला) विलायक, मुलं दोन्ही मिसळून लिहितात.

वर्गफळा

खूप उपयोगी. डब्याची युक्ती उद्याच करते. आता एक अडलंय. मुलं विचारतात, ‘चहाच्या किटलीतून वाफ दिसते, मग तुम्ही बाष्प दिसत नाही असं का म्हणता?’ आणि तुरटीचं प्रमाण काय ठेवू?

दहिवर

किटलीच्या तोंडापासून पहिल्या एक-दोन सेंटीमीटरमध्ये काहीच दिसत नाही, बाष्प तिथे असतं. त्यापुढचा पांढरा लोट म्हणजे थंड हवेत गार होऊन झालेले पाण्याचे बारीक थेंब. हिवाळ्यात सकाळी तोंडातून निघतो तोही तोच. मुलांना घरी लांबून बघायला सांगा. शाळेत दाखवायचंच असेल तर आहार शिजतो तिथे, तुम्ही स्वतः, मुलं दोन मीटर मागे. वाफेने भाजलेलं उकळत्या पाण्याइतकंच किंवा जास्त वाईट असतं.

ओली_पाटी

इथे थोडा मतभेद. चौथीला वाफ आणि बाष्प यातला फरक परीक्षेच्या उत्तरात मागू नये. बोलण्यात ‘वाफ’ दोन्हींना चालते आणि ‘पाण्याची वाफ झाली’ हे उत्तर बरोबरच धरावं. आक्षेप एकाच गोष्टीला: बाष्पीभवनाला उकळावं लागतं या समजाला. उकळणं समुद्रसपाटीला १०० अंशांना होतं, बाष्पीभवन मात्र कोणत्याही तापमानाला चालू असतं. फरशी काय कुणी उकळत नाही.

सूप_चाळण

तुरटी: एक लिटर गढूळ पाण्यात सुपारीएवढा खडा दोरीला बांधून सात-आठ वेळा फिरवा आणि बाहेर काढा. खडा आत सोडून देऊ नका, पाणी तुरट होतं. सुरुवातीला जरा जोरात, मग हळू फिरवा, म्हणजे मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे होतात. नंतर पंधरा ते तीस मिनिटं भांड्याला धक्का लागू देऊ नका. शेजारी तुरटी न फिरवलेलं दुसरं भांडं हवंच, नाहीतर माती आपोआप बसली की तुरटीने, हे कोण सांगणार? गाळमाती फार जाड असेल तर ती तशीही बसते. शेताच्या बांधावरची चिकण माती घ्या, फरक ठळक दिसतो.

मग वरचं पाणी हलकेच ओतून घ्यायचं. निवळणं आधी, गाळणं नंतर. उलट केलं तर कापडाची भोकं गाळाने बुजतात आणि पाणी उतरतच नाही. हे पाणी मुलांनी पिऊ नये हे आधीच बजावा. दिसायला स्वच्छ असलं तरी जंतू राहतात, ते उकळल्याने मरतात.

गावातल्या मुलांकडे या धड्याचे शब्द तुमच्यापेक्षा जास्त असतात, तेच वापरा: निवडणे, चाळणे, पाखडणे, उफणणे. वाटीभर तांदळात थोडे खडे, थोडा कोंडा आणि रवा मिसळा आणि विचारा, आधी काय कराल आणि का? चाळताना लहान-मोठेपणा कामाला येतो, पाखडताना आणि उफणताना हलका-जडपणा, निवडताना रंग-रूप. हे सांगता आलं की मिठाचं पाणी पुढे ठेवा. चाळणीतून जातं, कापडातून जातं, तासभर ठेवलं तरी मीठ खाली बसत नाही. मग मीठ वेगळं कसं करायचं? वर्ग थोडा वेळ गप्प बसतो आणि कुणीतरी ‘उन्हात ठेवू’ म्हणतं.

चाचणीला व्याख्या विचारू नका. असं विचारा: ‘सरबतात बर्फ आणि साखर टाकली. बर्फाचं काय झालं? साखरेचं काय झालं?’ किंवा ‘झाकलेल्या आणि उघड्या वाटीत सारखं पाणी आहे. उद्या कुठलं कमी होईल? झाकणाच्या आतल्या बाजूला काय दिसेल?’ तिसरीला तोंडी विचारा, चौथीला चित्र काढून बाण आणि शब्द लिहायला सांगा.