बाजाराचा हिशोब कधी लागते?

वाचनालयवाले काका: जय गुरू सगळ्यायले. संक्रांतीच्या बाजाराले दीड महिना झाला. पैसे तीन जागी वाटाचे ठरले होते, वाचनालय, रक्तदानवाली पोरं अन् गोरक्षण. आमाले अजून रुपाया नाही. वाचनालय ड वर्गातलं, म्हंजे सगळ्यात खालच्या, अनुदान आलं तवा आलं, भरतीचा अभ्यास करणारी पोरं रोज विचारते काका नवीन पुस्तकं कधी, मी काय सांगू त्यायले?

मंडळ खजिनदार: काका पैसे कुठी गेले नाही. मांडववाल्याचं बिल यायचं होतं म्हणून थांबलो. उद्या करतो

वाचनालयवाले काका: हा उद्या मागच्या महिन्यापासून चालू हाये. हिशोब शाळेच्या फळ्यावर लावा.

बचत गट ताई: हिशोब तं लावाच पण जागेचंही बोला. २०० रुपये सगळ्यायनं सारखे देल्ले मंग आमचा गट टाकीजवळच्या चिखलात काऊन? शेवया कुरडया सादळल्या साऱ्या. मंचुरियनवाला तालुक्याहून आला त्याले लिंबाखालची सावली. बाजार गावातल्या बायांसाठी होता ना?

पानठेला भाऊ: ताई तुमच्या जवसाच्या चटणीची लाइन चिखलातही हटली नाही 😄 गुरुजी दोनदा येऊन गेले

गुरुजी: चटणी होतीच तशी. खलबत्त्यात कुटलेली लगेच कळते.

सरपंच वहिनी: कृपया विषयावर या 🙏

गोरक्षण भाऊ: कोणाची लाल गाय चुकली का? कपाळावर पांढरा टिक्का. इथं बांधून ठेवली हाये

पुण्याचे दादा: मी आलो होतो तेव्हा ५००० दिले होते. आयकरात सूट मिळते ती ८०जीची पावती मिळेल का? मार्च आलाय.

गुरुजी: दादा तुम्ही रोख दिले. २००० च्या वर रोख दिलं तर ८०जीची सूट मिळत नाही, आणि मंडळाकडे ८०जी नाहीच. साधी नोंदणीसुद्धा नाही. वाचनालय १९५० च्या विश्वस्त कायद्याखाली नोंदलेलं आहे पण तरी ८०जी वेगळं घ्यावं लागतं. गणपतीच्या वर्गणीला आपण धर्मादाय आयुक्तांकडून पैसे गोळा करायची ४१ क ची परवानगी काढतो, बाजाराच्या वेळी कोणालाच आठवलं नाही, मलाही नाही.

वाचनालयवाले काका: हिशोब शाळेच्या फळ्यावर लावा.

पानठेला भाऊ: चार ताडपत्र्यायचे २८०० कसे झाले? मांडववाला कोणाचा साळभाऊ हाये गावाले माहीत हाये

मंडळ खजिनदार: म्हंजे मी चोर का? क्यूआर माह्या नावाचा लावला कारण कोणी पुढं आलं नाही. पोरगं तापानं फणफणत होतं तरी दिवसभर मैदानात उभा होतो. साळभावानं भोंगा फुकट देल्ला ते नाही दिसलं कोणाले

सरपंच वहिनी: नातेवाईकांवर जाऊ नका

वाचनालयवाले काका: चोर कोणी म्हणलं नाही बाप्पा. तू राबला हे मी डोळ्यानं पाह्यलं. पण लोकायनं पेटीत पैसे टाकले ते आपल्या तोंडाकडे पाहून टाकले, उद्या कोणी विचारलं तं मलेही उत्तर देता आलं पाह्यजे. फळ्यावर लावा.

गोरक्षण भाऊ: आमचा हिस्सा आता देता आला तं बरं. हरभरा निघून राह्यला, कुटार सध्या स्वस्त भेटते, उन्हाळ्यात भाव डबल होते अन् चाळीस जनावरं हायेत. गायीचं कोणी बोलून नाही राह्यलं

मंडळ खजिनदार: घ्या. २२ स्टॉलचे ४४००, पेटी ३६५०, दादाचे ५०००. जमा १३०५०. मांडव २८००, चहा पोस्टर ३५०. राह्यले ९९००, एकाले ३३००. बिलं माह्याजवळ हायेत

बचत गट ताई: पुढच्या वर्षी जागेच्या चिठ्ठ्या टाका. लहान पोराच्या हातानं.

सरपंच वहिनी: मान्य. आणि खातं दोघांच्या सहीचं.

मंडळ खजिनदार: काका सकाळी शाळा उघडली की फळ्यावर लिहितो

वाचनालयवाले काका: लिहू नको. कागद चिकटव, बिलांसंगं. खडूचं पोरं पुसून टाकते.